कुंदा आणि शेण: पिल्लाची घाण खायची सवय मोडताना ठेवलेल्या नोंदी

पिल्लू गावठी, मादी, रंग खरपूस तपकिरी. रंग बघून पोरीनं नाव ठेवलं कुंदा, आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचं. बेळगावच्या माणसाला कुंदा म्हणजे काय ते सांगायला नको. तेच नाव घेऊन सकाळी सकाळी परड्यात "कुंदा, शेण सोड" म्हणून बोंब मारताना शेजारीपाजारी काय म्हणत असतील, तेही सांगायला नको.

घर बेळगावजवळ येळ्ळुरात. दोन म्हशी, एक गाय, सहा कोंबड्या, भिंतीपलीकडं शेजाऱ्याच्या शेळ्या. मी उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, मशीनवर आहे, आठवड्याआड पाळी बदलते. जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, बिघडला की कुठं बिघडला ते आधी लिहायचं आणि मग हत्यार धरायचं, ही तिथली सवय. तीच इथं लावली. ज्यांच्या घरी जनावरं आहेत आणि पिल्लूही आहे, त्यांच्या उपयोगाला येईल. इंटरनेटवर मिळणारे सगळे सल्ले फ्लॅटमधल्या कुत्र्यांचे. "घाण लगेच उचला" म्हणे. आमचं अंगणच शेणानं सारवलेलं, ते काय उचलू?

20 ऑक्टोबर 2024
पिल्लू आणलं. वय साधारण आठ आठवडे. आईचं दूध नुकतंच तुटलेलं. दोन दिवसांत पहिली लस दिली. परड्यात मोकळंच सोडलं. ही पहिली चूक, पण ती कळायला पंधरा दिवस गेले.

2 नोव्हेंबर, पाडवा
आईनं पहाटे अंगण सारवून शेणाचे पांडव मांडले, वर झेंडूची फुलं खोचली. मी अंघोळ करून येतोय तोवर भीमाचं डोकं गायब, आणि कुंदाच्या नाकावर झेंडूची पाकळी. आई ओरडली, "अरे बघ की, भीमाला खाऊलंय ते!" सगळे हसलो. पोरगी फोन घेऊन मागं पळाली, पिल्लू तोंडात उरलेला भीम घेऊन पुढं. सगळ्या घराला मजा वाटली म्हणजे पिल्लालाही वाटली असणार. ही दुसरी चूक.

3 नोव्हेंबर
आज हसू गेलं. संध्याकाळी शेताच्या बांधाकडं नेलं होतं. झुडपाआड कुणीतरी बसून गेलेलं, त्यात कुंदानं तोंड घातलं. मी धावलो तसं तिनं भराभर गिळलं. घरी येऊन सरळ पोरीच्या मांडीवर, आणि तिचं गाल चाटायला सुरुवात. बायकोनं पिल्लाला उचलून परड्यात ठेवलं आणि मला म्हणाली, "एकतर याचं काहीतरी कर, नाहीतर जिथनं आणलंस तिथं नेऊन दे."

गोठ्याच्या दारावर खडूनं रेघा मारायला सुरुवात केली. प्रत्येक वेळेला एक रेघ, खाली काय खाल्लं त्याचं अक्षर: शे, लें, को, मां, मा. शेण, शेळीच्या लेंड्या, कोंबडीची शिट, मांजर, माणूस. मी किंवा आई समोर असताना जे दिसलं तेवढंच.

5 नोव्हेंबर
दोन दिवसांच्या रेघा 27. निम्म्याहून जास्त "को".

डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खायला काय देता?" ताकभात, दूध-भाकरी, दोन वेळा. त्यांनी कपाळाला हात लावला नाही एवढंच. वाढत्या पिल्लाला चार वेळा थोडं थोडं, त्यात रोज एक उकडलेलं अंडं आणि जमेल तसं चिकन घाला, दूध कमी करा, असं सांगितलं. जंताचं औषध दिलं. या वयात दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. भूक आणि जंत ही दोन कारणं आधी बाद करा, मग शिकवणीचं बघू, असं त्यांचं म्हणणं. आणि हेही सांगितलं की कुत्रीण स्वतः पिल्लांची घाण चाटून जागा साफ ठेवते, तेव्हा पिल्लाला यात घाण वाटायचं काही कारणच नाही. आपल्याला वाटतं.

दुसरा प्रश्न गाय-म्हशींचा: "त्यांना जंताचं इंजेक्शन कधी दिलं?" आयव्हरमेक्टिन दिलं की ते बरेच दिवस शेणातून बाहेर पडत राहतं, तेव्हा त्या दिवसांत तरी पिल्लू शेणापाशी नको. कॉली जातीच्या कुत्र्यांना ते औषध फार बाधतं. आमचं गावठी, पण याच्या रक्तात काय काय आहे कुणाला माहीत.

खर्च: तपासणी आणि औषध 350 रुपये.

8 नोव्हेंबर
शेजाऱ्यांचे सल्ले, आणि मी ऐकलेले. पहिला: लेंड्यांवर लाल तिखट टाक. टाकलं. कुंदा शिंकली, पंजानं नाक पुसलं आणि बाजूची, तिखट न पडलेली लेंडी उचलली. परड्यात लेंड्या किती आणि घरात तिखट किती, हा हिशोब मी आधीच करायला हवा होता. बायकोनं वर्षाच्या तिखटाचा डबा लपवून ठेवला.

दुसरा: डांबरगोळ्या टाक परड्यात. हे केलं नाही, आधी फोन केला. डॉक्टरबाई भडकल्या. डांबरगोळी कुत्र्यानं खाल्ली तर विषबाधा होते. फिनेलही शिंपडायचं नाही. हे ठळक लिहून ठेवतोय, कारण आमच्या गल्लीत दोघांनी हाच उपाय सांगितला, आणि दोघांनी अगदी खात्रीनं.

10 नोव्हेंबर
बेळगावात जाऊन "विष्ठा खाण्याची सवय सोडवणारी" पावडर आणली. 640 रुपये. घरी येऊन डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं. पावडर द्यायची ती खाणाऱ्याला नाही, ज्याची घाण खाल्ली जाते त्याला. मग त्याच्या घाणीची चव बिघडते म्हणे. म्हणजे मला ती दोन म्हशी, एक गाय, सहा कोंबड्या, शेजाऱ्याच्या शेळ्या, गावातली मांजरं आणि बांधावर बसणारी माणसं या सगळ्यांना चारायची होती.

रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं की कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस गावातल्या शाखेच्या लोकांनी 2018 साली कुत्र्यांच्या मालकांना विचारून यावर पाहणी केली होती. ती कुत्री कुत्र्यांचीच घाण खाणारी होती, तरी असल्या उत्पादनांना यश आलं ते जेमतेम 0 ते 2 टक्के. आधी वाचायचं आणि मग गाडीला किक मारायची, हे मला कधी जमणार?

12 ते 16 नोव्हेंबर
सुगी सुरू. भातकापणी, मळणी, रात्रपाळी. नोंदी नाहीत. रेघा आईनं मारल्या, त्यात "मां" आणि "मा" यात घोळ झालाय. पाच दिवसांत 61.

खाणं सुधारल्यावर एक फरक मात्र आईलाही दिसला. कुंदा पूर्वी परड्यात पाऊल टाकलं की नाक खाली घालून चरायला लागायची. आता सकाळच्या अंड्यानंतर अर्धा तास तरी उन्हात पडते.

18 नोव्हेंबर
पातळ हागवण. नमुना तपासायला दिला, 200 रुपये. रिपोर्टवर कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले बारीक परजीवी. मी डॉक्टरांना न विचारता रिपोर्ट औषधाच्या दुकानात दाखवला आणि 180 रुपयांचं औषध घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी लसीला नेलं तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "कोंबड्या आहेत ना घरी? मग हे कोंबडीचं. खाल्लं आणि तसंच बाहेर पडलं. कुत्र्याला ते लागत नाही, कुत्र्याचं कॉक्सिडिया वेगळं." हागवण तीन दिवसांत आपोआप थांबली. औषध फोडलंच नव्हतं, पण दुकानदार परत घेईना. घाण खाणाऱ्या पिल्लाचा रिपोर्ट वाचताना आधी त्यानं काय खाल्लंय ते सांगा. सांगायला लाज वाटते, तरी सांगा.

24 नोव्हेंबर, रविवार
दिवसभर एकच काम: कोंबड्या वेगळ्या करणे. बांबू, हिरवी जाळी, तार मिळून 1,150 रुपये. सकाळी आठला लागलो, दुपारी तीनला झालं. साडेतीनला कुंदा जाळीखालून माती उकरून आत. कोंबड्या छपरावर, कुंदा खाली मेजवानीला. परत तार सोडवली, जाळीच्या कडेनं वीतभर चर मारला आणि त्यात चिरे उभे पुरले. अंधार पडला. आधीच चिरे पुरले असते तर चार तास वाचले असते.

उकिरड्याला जुनी दारं उभी करून आडोसा केला. शेणी थापायची जागा माडीवर हलवली. आईनं आठवडाभर कुरकुर केली, पण वर ऊन चांगलं लागतं आणि शेणी लवकर वाळतात म्हटल्यावर आता ती जागा तिचीच कल्पना होती असं सांगते.

1 डिसेंबर
आठवड्याच्या रेघा 34. "को" फक्त 2. चिऱ्यांनी जे केलं ते पावडरनं केलं नसतं.

3 डिसेंबर
बांधासाठी प्लॅस्टिकची जाळीदार मुसकी आणली, 320 रुपये. म्हशीची मुसकी आपल्याला माहीत, कुत्र्याची पहिल्यांदाच. घातली, दोन दिवस सवय केली, आज बाहेर नेलं. कुंदानं ताज्या शेणावर तोंड दाबलं. ते जाळीतून आत आलं, पुरणयंत्रातून पुरण येतं तसं. मग घरापर्यंत ती आतल्या आत चाटत आली, आणि मला ते काढता येईना, कारण हात लावला की माझ्याच तोंडाजवळ तोंड आणत होती. तिथंच पाटाच्या पाण्यात धुतली. वाळलेल्या, टणक गोष्टींना मुसकी चालेल. ओल्याला उलट जास्त वाईट. खुंटीला टांगून ठेवली.

6 डिसेंबर
मुसकी फसली म्हणून अदलाबदलीचा उपाय सुरू केला: तिनं तोंडात काही घेतलं की "सोड" म्हणायचं, सोडलं की उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा. अर्ध्या दिवसात शिकली. मी खूश.

11 डिसेंबर
खूश व्हायचं काही कारण नव्हतं. आज परड्यात खाटेवर बसलो होतो, खिशात अंडं. कुंदा भिंतीपाशी गेली, शेळीची एक लेंडी दोन दातांत अलगद धरली, गिळली नाही, चावली नाही. शेपूट हलवत माझ्यापुढं आली, लेंडी पायापाशी ठेवली आणि बसली. माझ्या खिशाकडं बघत. दिलं नाही तर परत जाऊन दुसरी आणली. पहिलीच्या शेजारी ठेवली. मी तिला लेंड्या सोडायला शिकवलं नव्हतं, लेंड्या आणून द्यायला शिकवलं होतं. आणि भाव ठरला होता, एका लेंडीला एक तुकडा.

पाच दिवसांच्या रेघा 41. त्यातल्या निम्म्या मी अंडं देऊन विकत घेतलेल्या.

12 डिसेंबर
बदल: तोंडात घेतल्यावर काही मिळणार नाही. घ्यायच्या आधी मिळणार. दोरी पाच मीटरची, गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा, मिळून 410 रुपये. लेंडी दिसली, तिचं नाक तिकडं वळलं आणि अजून दोन पावलं लांब आहे, तेवढ्यात "सोड". माझ्याकडं मान फिरवली की तुकडा, आणि तो मी मागं दोन पावलं जाऊन माझ्या पायाशी द्यायचा, लेंडीपाशी नाही. दोरी ओढायची नाही, नुसती अडवायची. तोंडात घेतलंच तर मी गप्प. धावायचं नाही, ओरडायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही. धावलो की ती गिळते, हे 3 नोव्हेंबरलाच दिसलं होतं. मला कळायला सव्वा महिना लागला.

सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. त्याहून जास्त केलं की तिचंही लक्ष उडतं आणि माझंही डोकं.

17 डिसेंबर
तिसरी लस आणि रेबीजची लस. 900 रुपये.

19 डिसेंबर
माझ्यासमोर शहाणी, बाकीच्यांसमोर नाही. का, ते आज सुट्टीच्या दिवशी दिवसभर बसून बघितलं. मी म्हणतो "सोड". आई म्हणते "हाड". बायको म्हणते "थू कर थू". पोरगी म्हणते "छी छी" आणि हसते. म्हशी बघायला येणारे काका कन्नड बोलतात, ते म्हणतात "बिड". एका पिल्लाला एका दिवसात पाच शब्द, दोन भाषा. माणसांचा या भागात एवढा घोळ होतो, तर कुत्र्याचा का होणार नाही?

रात्री जेवताना बैठक. आई म्हणाली, "हाड"च ठेवा, सगळ्या कुत्र्यांना कळतं. पण "हाड" ऐकलं की कुंदा लांब पळते, आणि आम्हाला ती जवळ यायला हवी. शेवटी "सोड" ठरलं. काकांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, माझ्या तोंडात ते बसत नाही, मी "बिड"च म्हणणार. शिवाय दिवसा सगळ्यात जास्त वेळ कुंदा त्यांच्यासोबत. म्हणून "सोड" आणि "बिड" असे दोन शब्द, बाकी सगळे बंद. काकांच्या खिशात रोज फुटाण्याच्या पुडीत चिकनचे वाळवलेले तुकडे ठेवायला सुरुवात केली. त्यातले काही फुटाण्यांबरोबर ते स्वतः खातात असा मला संशय आहे.

29 डिसेंबर
आठवड्याच्या रेघा 15. काकांच्या वेळेतल्या माझ्यापेक्षा कमी. मला थोडं लागलंच.

4 जानेवारी 2025
एक मागं गेलेलं पाऊल. पहाटे कुंदानं सोप्यात घाण केली. भाचा मुक्कामाला आला होता, त्यानं नाक धरून तिला तिथं घासलं आणि एक चापट दिली. त्यानंतर दोन दिवस ती आपलीच घाण खाऊ लागली, तीही कोपऱ्यात जाऊन, गुपचूप. हे याआधी कधीच नव्हतं. माझ्या मते पुरावा मिटवत होती. भाच्याला काही बोललो नाही, पाहुणा आहे. पण पिल्लू दर दोन तासांनी बाहेर नेलं आणि बाहेर केलं की तिथंच तुकडा दिला. उचलायला खुरपं आणि राखेची बादली दाराशीच ठेवली. चौथ्या दिवशी बंद.

तिची घाण त्याच दिवशी उचलायचं दुसरं कारण पोरगी. गोल जंताची अंडी ताज्या घाणीत असली तरी ती लागण करण्याजोगी व्हायला दोनेक आठवडे लागतात. रोज उचललं की तो प्रश्नच उरत नाही. पोरगी अंगणात अनवाणी खेळते.

14 जानेवारी, संक्रांत
रेघा शून्य. तिळगूळ खाल्ला, तोही चोरून. ती वेगळी नोंद.

19 जानेवारी
वरच्या शेतात धनगरांची मेंढरं खतासाठी बसवली. शे-दीडशे मेंढरं, तीन रात्री. म्हणजे परीक्षाच. घरात दोन मतं पडली. आई म्हणाली तिकडं नेऊच नको. मी दोरी लावून नेलं.

शेत काळं झालेलं, पाऊल टाकायला जागा नाही. धनगराची दोन कुत्री आरामात लेंड्या चघळत बसलेली. कुंदा थरथरत होती, नाक खाली, दोरी ताठ. दोनदा "सोड" म्हटलं, दोनदा मान वळली, तिसऱ्यांदा नाही. तोंड खाली गेलंच. मी ठरल्याप्रमाणे गप्प. म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून बघत होता. माझं तोंड बघून त्याला कीव आली असावी. हसून म्हणाला, "तिनली बिड्री." खाऊ दे हो, सोडा.

कुंदानं तोंडातली लेंडी टाकली आणि त्याच्याकडं बघितलं.

म्हातारा हसला, त्याचा नातू हसला. मी खिशातले तुकडे म्हाताऱ्याच्या हातावर ठेवले, त्यानं ते कुंदाला दिले. तोंडात घेतल्यावर काही द्यायचं नाही हा माझाच नियम मी मोडला. इतका चांगला मुहूर्त परत मिळणार नव्हता.

26 जानेवारी
आठवड्याच्या रेघा 4. सगळ्या वरच्या शेतातल्या.

2 फेब्रुवारी
गायी-म्हशींना जंताचं इंजेक्शन दिलं. दोन आठवडे कुंदा गोठ्यात बंद, म्हणजे तिला गोठा बंद. आत जायची वाट जुन्या दारानं अडवली. सारवणही या दिवसांत आधी साठवलेल्या शेणाचं. आईनं विचारलं, "कुत्र्यासाठी आता शेणाला पण तारीख लावूलायस?" हो.

अंगण चाटणं अजून आहे. ते मोजत नाही. वाळलेलं सारवण चाटलं म्हणून काही होत नाही असं डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि सगळ्याच आघाड्यांवर एकदम लढायची माझी ताकद नाही. माणसाची, मांजराची, कोंबडीची आणि औषध दिलेल्या जनावराची, एवढ्या चार ठिकाणी हट्ट धरलाय.

9 फेब्रुवारी
खर्च मांडला. डॉक्टर, जंताची औषधं आणि लसी सोडून: पावडर 640, न वापरलेलं औषध 180, मुसकी 320, जाळी-बांबू 1,150, दोरी-पट्टा 410. एकूण 2,700. त्यातले 1,140 वाया. अंड्यांचा हिशोब ठेवलेला नाही, कोंबड्या घरच्याच. पण वाण्याकडं विकायला जाणारी अंडी बंद झाली, हे बायकोनं इथं लिहायला सांगितलंय.

पावडरचा डबा अजून पडून आहे. कुणाला हवा असेल तर घेऊन जा, पण आधी बारीक अक्षर वाचा.

16 फेब्रुवारी
आठवड्याची रेघ एकच, "मां". परड्याचं दार रात्री मीच उघडं ठेवलं होतं.